१६ अभंग, १३ माइक आणि एकच सेटिंग: एका थेट ध्वनिमुद्रणाच्या मिक्सिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताहातल्या दोन संध्याकाळी एका भजनी मंडळाचं गायन झालं. पहिल्या दिवशी ९ अभंग, दुसऱ्या दिवशी ७. मंडळाला हे १६ अभंग वेगवेगळ्या फाइलींत, यूट्यूबवर आणि पेनड्राइव्हवर देण्यासाठी हवे होते. नावं आणि ओळखीचे तपशील इथे वगळले आहेत. आकडे त्या कामातलेच आहेत.

डिजिटल मिक्सरमधून यूएसबीने लॅपटॉपवर १३ चॅनल वेगवेगळे मुद्रित केले होते: मुख्य गायक १, साथीचे गायक ४, पेटी १, पखवाज २ (कणकेची बाजू आणि शाईची बाजू), टाळकऱ्यांवर उंचावरून धरलेले २, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची थेट लाइन १ आणि समोरच्या श्रोत्यांकडे तोंड केलेले २. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन्ही दिवस मिळून २ तास ५० मिनिटं, म्हणजे सुमारे १९ जीबी. मिक्सिंग, म्हणजे या वेगवेगळ्या आवाजांची जुळवाजुळव, रीपर या संगणकावरच्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये करायचं ठरलं.

मंडळ तेच, सभामंडप तोच, माइक तेच आणि बसण्याची जागाही तीच. त्यामुळे एक अभंग नीट बसवला की तीच सेटिंगं बाकीच्या पंधरांना लावायची, असा सरळ हिशोब होता. तो अर्धाच बरोबर निघाला.

अडचण कुठे आली

मिक्सिंग करणाऱ्याने दोन्ही दिवसांचं मुद्रण आधी कापलं आणि प्रत्येक अभंगाचं स्वतंत्र प्रोजेक्ट केलं. १६ प्रोजेक्ट गुणिले १३ ट्रॅक (प्रत्येक चॅनलचा एक), म्हणजे २०८ ट्रॅक. पहिल्या अभंगावर दीड दिवस घालवून प्रत्येक ट्रॅकची इफेक्टची साखळी, म्हणजे एफएक्स चेन, फाइल म्हणून सेव्ह केली आणि उरलेल्या प्रोजेक्टांत एकेक करून उघडली. नवव्या अभंगापर्यंत सगळं ठीक वाटलं.

दहाव्या अभंगापाशी, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या पहिल्याच अभंगात, मुख्य आवाज दबलेला, छातीवर दगड ठेवल्यासारखा ऐकू येऊ लागला. कॉम्प्रेसरचं, म्हणजे ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेलेला आवाज दाबणाऱ्या इफेक्टचं, सेटिंग अक्षरशः तेच होतं: थ्रेशोल्ड उणे २० डीबी (डेसिबल; शून्य ही कमाल पातळी), प्रमाण ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १२ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंद. पहिल्या दिवशी गायकाचे जोरकस स्वर उणे १४ पर्यंत जात. थ्रेशोल्डच्या वर ६ डीबी, त्यातले ३:१ प्रमाणाने २ उरतात, म्हणजे दाब ४ डीबी. दुसऱ्या दिवशी तेच स्वर उणे ८ ला होते. वर १२ डीबी, उरतात ४, दाब ८ डीबी. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याने मुख्य माइकचा गेन, म्हणजे मिक्सरमध्ये शिरतानाची आवाजाची वाढ, ६ डीबी वाढवला होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

पखवाजाचं उलटं झालं होतं. त्याचा गेन ४ डीबी उतरवलेला होता. गेटचा, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणाऱ्या इफेक्टचा, थ्रेशोल्ड उणे ३८ ला ठेवला होता, कारण पहिल्या दिवशी बोटांनी वाजवलेले हलके बोल उणे ३६ च्या आसपास पडत होते. दुसऱ्या दिवशी ते उणे ४० ला आले, आणि गेट उघडायलाच तयार नव्हतं. मोठे बोल ऐकू येतात, मधले बारीक बोल गायब, त्यामुळे ठेका अडखळल्यासारखा वाटायचा. पखवाज ऐकायची सवय नसलेल्याच्या हे लक्षातही आलं नसतं. मंडळाच्या पखवाजवादकाने मात्र पहिल्या मिनिटातच विचारलं, 'माझे हात कुठे गेले?'

त्यात मंडळाने पहिले तीन अभंग ऐकून दोन दुरुस्त्या सांगितल्या: टाळ कानाला टोचतायत आणि मुख्य आवाजाचा घुमारा जास्त झालाय. दोन्ही मागण्या रास्त होत्या. पण त्या करायच्या म्हणजे १६ प्रोजेक्ट उघडा, प्रत्येकात दोन जागी बदल करा, पुन्हा सेव्ह करा, पुन्हा रेंडर करा, म्हणजे अंतिम फाइल काढा. पुढच्या प्रत्येक सूचनेलाही हेच. काम इथे थांबवून नव्याने विचार झाला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच पुढे रेटणं, फक्त जलद. रीपरला एसडब्ल्यूएस हे मोफत एक्स्टेन्शन जोडलं की एका ट्रॅकची पूर्ण साखळी कॉपी करून निवडलेल्या सगळ्या ट्रॅकवर एकदम पेस्ट करता येते. त्यात एक सापळा आहे. पेस्टचे दोन प्रकार असतात: एक आधीची साखळी काढून नवी ठेवतो, दुसरा आधीच्या साखळीमागे नवी जोडतो. चुकून दुसरा निवडला तर एकामागे एक दोन कॉम्प्रेसर बसतात आणि आवाज का चिरडतोय ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. पण मुख्य अडचण वेगाची नव्हतीच. कॉपी केलेलं सेटिंग पेस्ट झाल्या क्षणी मूळ सेटिंगपासून तुटतं. मूळ बदललं तरी प्रती तशाच राहतात.

दुसरा पर्याय ट्रॅक एकमेकांना जोडण्याचा. रीपरमधल्या ट्रॅक ग्रुपिंगने आणि व्हीसीएने (एका फेडरने अनेक फेडर हलवण्याच्या सोयीने) फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी), पॅन (डावी-उजवी बाजू), म्यूट, सोलो एकत्र हलतात. इक्यूचा, म्हणजे जाड-बारीक सूर कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टचा, नॉब किंवा कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड त्याने जोडला जात नाही. शिवाय ग्रुप एका प्रोजेक्टपुरताच असतो. १६ प्रोजेक्टांमध्ये त्याचा उपयोग शून्य.

तिसरा पर्याय: सगळं एका प्रोजेक्टमध्ये आणायचं, पण प्रत्येक अभंगाचे १३ ट्रॅक वेगळे ठेवायचे आणि एकाच वाद्याचे सोळाही ट्रॅक एका सामायिक फोल्डरमध्ये घालून इफेक्ट त्या फोल्डरवर लावायचे. यात प्रत्येक अभंगाला स्वतःचा फेडर मिळतो, ही मोठी सोय. पण २०८ ट्रॅक पडद्यावर सांभाळणं म्हणजे वारीत हरवलेला माणूस शोधणं.

चौथा पर्याय: फक्त १३ ट्रॅक. दोन्ही दिवसांचं न कापलेलं मूळ मुद्रण एकाच टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवायचं. मुख्य गायकाचा ट्रॅक एक, त्याची साखळी एक, आणि सोळाही अभंग त्याच साखळीतून जातात. कॉपी करायला काही उरतच नाही. ट्रॅकमागे चार इफेक्ट धरले तर २०८ ट्रॅकवर ८३२ इफेक्ट झाले असते, इथे ५२.

चौथा निवडला. त्याची अट एकच होती, आणि खरं काम त्या अटीतच होतं: साखळीत शिरणारा आवाज दोन्ही दिवशी एकाच पातळीचा हवा.

काय केलं

पहिल्या दिवसाचं मुद्रण ० तासावर, दुसऱ्या दिवसाचं बरोबर २ तासांवर ठेवलं. प्रत्येक दिवसाचे १३ आयटम (ट्रॅकवरचे मुद्रणाचे तुकडे) निवडून जी दाबून ग्रुप केले, म्हणजे एक सरकला तर सगळे सरकतील. मधली भाषणं, माइकची खरखर, चहाची विश्रांती, काहीच कापलं नाही. जे रेंडर करायचं नाही ते टाइमलाइनवर पडून राहिलं तरी कुणाचं बिघडत नाही, आणि कापाकापीत एखादा ट्रॅक सरकून पखवाज व टाळ पुढेमागे होण्याचा धोका टळतो.

मग पातळी जुळवणं. मुख्य गायकाच्या तीन ध्रुवपदांची दोन्ही दिवसांची लाउडनेस (कानाला जाणवणारा मोठेपणा) एसडब्ल्यूएसच्या विश्लेषणातून काढली. फरक आला ५.२ डीबी. पण हा फरक गेनचा की गायकाच्या आवाजाचा, ते यावरून कळत नाही. म्हणून दोन ओळींमधल्या शांत जागा मोजल्या. मुख्य माइकमध्ये पंख्यांची घरघर पहिल्या दिवशी उणे ६२, दुसऱ्या दिवशी उणे ५६. दुसऱ्या दिवशी पंखे जास्त असतील का? श्रोत्यांकडच्या माइकमध्ये घरघर दोन्ही दिवशी सारखीच होती, म्हणजे पंखे तेवढेच. गेनचा फरक पक्का ६ डीबी निघाला. उरलेला ०.८ डीबी गायकाचा स्वतःचा, दुसऱ्या दिवशी घसा थोडा बसलेला असणार. तो फरक तसाच ठेवला. माणसाचा फरक माणसाचाच राहू द्यावा, यंत्राचा तेवढा काढावा.

दुरुस्ती आयटमवर केली, ट्रॅकच्या फेडरवर नाही. रीपरमध्ये आयटमचा व्हॉल्यूम इफेक्टच्या आधी लागतो आणि ट्रॅकचा फेडर इफेक्टच्या नंतर. फेडर ६ डीबी उतरवला असता तर आधी ८ डीबी दाबलेला आवाज नुसता हळू झाला असता. दुसऱ्या दिवसाचा मुख्य गायकाचा आयटम निवडून एफ२, व्हॉल्यूममध्ये उणे ६. पखवाजाच्या दोन्ही आयटमना अधिक ४. याच पद्धतीने तेराही चॅनल तपासले. सातांत फरक शून्य होता. पेटी आणि दोन साथीदारांत एक ते तीन डीबी. तानपुऱ्याच्या लाइनला खोलीची घरघर नसते, पण तिथे स्थिर सूर सरळ मोजता येतो, आणि तो तंतोतंत सारखा होता.

यानंतर साखळ्या. मुख्य आवाजाला ९० हर्ट्झखाली कट, ३०० हर्ट्झला ३ डीबी कमी, मग वरचा कॉम्प्रेसर, मग ६ ते ८ किलोहर्ट्झवर डी-एसर ('स', 'श' ची टोच कमी करणारा). चार साथीदारांपैकी तिघांचे माइक एकाच मॉडेलचे, चौथ्याचा वेगळा. चौघांना एका फोल्डरमध्ये घातलं. १२० हर्ट्झचा कट आणि कॉम्प्रेसर फोल्डरवर, चौथ्याच्या माइकचा नाकातला सूर काढणारा इक्यू फक्त त्याच्या ट्रॅकवर.

इथे एक चूक होता होता राहिली. आधीच्या प्रोजेक्टांत साथीदारांचा कॉम्प्रेसर प्रत्येक ट्रॅकवर उणे २० थ्रेशोल्डला होता, तोच उचलून फोल्डरवर ठेवला. साधारण सारख्या पातळीचे चार वेगळे आवाज एकत्र आले की बेरीज जवळपास ६ डीबीने वाढते. म्हणजे फोल्डरवर तोच थ्रेशोल्ड ठेवणं हे ट्रॅकवर उणे २६ ठेवल्यासारखं. फोल्डरचा थ्रेशोल्ड उणे १४ केला. तरी फरक राहतोच: फोल्डरवर एक जण ओरडला की चौघेही दबतात. समूहस्वरासाठी ते चालतं, उलट साथ एकजीव वाटते.

घुमाऱ्यासाठी एकच रिव्हर्ब (घुमारा तयार करणारा इफेक्ट), वेगळ्या ट्रॅकवर, बाकीच्यांकडून सेंड (ट्रॅकच्या आवाजाचा तिकडे पाठवलेला हिस्सा). प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) २५ मिलिसेकंद, क्षय (तो विरायला लागणारा वेळ) १.६ सेकंद, परतणाऱ्या आवाजात २५० हर्ट्झखाली कट. टाळांकडून सेंड नाही, कारण ते बाकी माइकांतून झिरपून रिव्हर्बमध्ये तसेही पोचतात. मंडळाची घुमाऱ्याची तक्रार आता एका सेंडच्या फेडरवर मिटली.

प्रत्येक अभंगाचा पट्टा निवडून शिफ्ट-आर ने रीजन (टाइमलाइनवरचा खुणेचा पट्टा) केलं, नावं दिली. काही जुन्या पेनड्राइव्ह प्लेअरांवर देवनागरी फाइलनावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून नावं रोमन लिपीत आणि पुढे दोन आकडी क्रमांक. रीजन रेंडर मॅट्रिक्समधून मास्टर (सगळ्या ट्रॅकांचा एकत्र आवाज) निवडला की सोळाही फाइली एका फटक्यात निघतात.

जिथे एकच सेटिंग चाललं नाही

पातळी जुळूनही तीन जागी सामायिक सेटिंग हरलं.

पखवाजाच्या कणकेच्या बाजूला पहिल्या दिवशी ९८ हर्ट्झच्या आसपास एक गुंजन होतं. ते ६ डीबीच्या अरुंद कटने काढलं होतं. कणीक प्रत्येक वेळी नव्याने लावली जाते. ती किती, किती ओली, यावर त्या बाजूचा सूर ठरतो, आणि वाजवता वाजवता ती सुकतेही. दुसऱ्या दिवशी गुंजन ८८ च्या जवळ होतं. त्यामुळे कट नको तिथे लागत होता आणि गुंजन मोकळं सुटत होतं. अरुंद कट काढून ८० ते ११० हर्ट्झचा पट्टा झाकणारा २.५ डीबीचा रुंद कट ठेवला. पहिल्या दिवसाचा पखवाज किंचित कमी स्वच्छ झाला, पण दोन्ही दिवस एका घरचे वाटू लागले.

दुसरी जागा डी-एसर. तो 'स' आणि 'श' साठी लावलेला, पण गजरात सगळे टाळ जोरात पडले की मुख्य माइकमध्येही तेच शिरतात. डी-एसर टाळांना स समजून मुख्य आवाजाची वरची धार कापत राहतो, आणि गायक तोंडावर उपरणं घेऊन गातोय असं वाटतं. तीन गजरांत डी-एसरच्या थ्रेशोल्डवर ऑटोमेशन (वेळेनुसार सेटिंग बदलणारी रेषा) आखून तो ५ डीबी वर नेला. टाळांच्या दोन माइकांवर रियाएक्सकॉम्पचा (आवाजाचे पट्टे पाडून वेगवेगळे दाबणारा रीपरचा कॉम्प्रेसर) एकच पट्टा, ४ ते ९ किलोहर्ट्झ. तो जोरात पडलेल्या टाळालाच दाबतो, हलक्या टाळाला सोडतो. विलंबित अभंग आणि गजर दोन्हींना तेच सेटिंग चाललं.

तिसरी जागा शेवटची पातळी. पहिल्या रेंडरला प्रत्येक फाइल उणे १६ एलयूएफएसला (एलयूएफएस हे लाउडनेसचं माप) नॉर्मलाइज केली होती, म्हणजे आपोआप त्या पातळीवर आणली होती. फाइलनिहाय नॉर्मलाइज म्हणजे समान सेटिंग, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात संथ अभंगातला एकटा आवाज गजरातल्या सगळ्या मेळ्याइतका मोठा झाला, आणि लागोपाठ ऐकताना गायक दर पाच मिनिटांनी पुढेमागे उडी मारत होता. मग नॉर्मलाइज बंद केलं. सर्वांत मोठा गजर उणे १४ वर येईल एवढा वाढीव गेन मास्टरवर ठेवला, लिमिटरची (आवाजाला ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा इफेक्ट) कमाल उणे १ डीबी ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना येणारं सर्वोच्च टोक). बाकीचे अभंग आपापल्या अंतरावर राहिले. सर्वांत संथ उणे १९ ला आला. यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठं असेल ते खाली आणतं, हळू असेल ते वर उचलत नाही. त्यामुळे संथ अभंग तिथे हळूच वाजणार, हे मंडळाला आधी सांगून संमती घेतली.

सामायिक ट्रॅकचा उलटा फटका

एकाच ट्रॅकवर सगळं असल्याचा तोटा बाराव्या अभंगाच्या वेळी कळला. पेटी कमी वाटली म्हणून फेडर २ डीबी वर केला. ऑटोमेशन चालू नव्हतं. पेटी सोळाही अभंगांत वाढली, त्यातले सात मंडळाने आधीच पसंत केलेले होते. तीन दिवसांनी कुणीतरी पहिला अभंग पुन्हा लावला तेव्हा हे बाहेर आलं.

त्यानंतर दोन गोष्टी ठरवल्या. एखाद्या अभंगापुरता बदल असेल तर तो त्या जागी आयटम तोडून त्याच्या व्हॉल्यूमवर किंवा एन्व्हलपवर (ऑटोमेशनच्या रेषेवर), फेडरला हात नाही. आयटम तोडताना तेराही एकाच जागी तोडायचे. आणि पसंत झालेल्या फाइलींची नल चाचणी: नवी फाइल जुन्या फाइलीसोबत ठेवून एकीची फेज उलटी करायची, म्हणजे दोन्हींतलं सारखं असेल ते एकमेकांना खोडतं. काहीच बदललेलं नसेल तर पूर्ण शांतता मिळते, पेटी २ डीबी वाढलेली असेल तर शांततेत नुसती पेटी वाजते. यासाठी रेंडरमध्ये डिदर (मुद्दाम मिसळलेली सूक्ष्म खरखर) नको आणि रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन (घुमाऱ्यातली सतत बदलणारी थरथर) नको, नाहीतर काहीही न बदलता कुजबुज उरते. सात फाइली तपासायला दहा मिनिटं लागली.

निष्पत्ती

मांडणी बदलायला, पातळी मोजून जुळवण्यासह, एक दिवस गेला. मिक्सिंगला तीन. त्यानंतर मंडळाकडून पाच वेळा सूचना आल्या. टाळ १.५ डीबी कमी करा, ही शेवटची. एक फेडर, मग सोळा फाइलींचा रेंडर, वीस मिनिटांत काम संपलं. जुन्या मांडणीत याच बदलाला पहिल्या वेळी अख्खी दुपार गेली होती.

एक दोष तसाच राहिला. वाढवलेल्या गेनमुळे दुसऱ्या दिवशीच्या गजरात मुख्य माइक चार जागी मिक्सरमध्येच क्लिप झाला होता, म्हणजे कमाल पातळीला धडकून ध्वनिलाटांचे माथे तुटले होते. आयटम ६ डीबी उतरवल्याने मीटर खाली आला, पण तुटलेले माथे तुटलेलेच. दोन जागी साथीदारांच्या माइकमधला गायकाचा झिरपलेला आवाज किंचित वर घेऊन तडा झाकला. दोन जागी तो लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ऐकू येतो.

वेगळं काय करता आलं असतं

मिक्सरचा सीन (सगळ्या सेटिंगांची साठवलेली नोंद) पहिल्या रात्री सेव्ह करून दुसऱ्या दिवशी तोच उघडला असता तर मोजमापाचा अर्धा दिवस आणि ते चार तडे, दोन्ही वाचले असते. गेन बदलायचाच असेल तर तो मुद्रणाच्या वाटेवर न बदलता सभामंडपाच्या स्पीकरकडे जाणाऱ्या फेडरवर बदलता येतो. आधी साउंडवाल्याशी एवढं बोलणं झालं असतं तर पुरे होतं.

मुद्रण कापून १६ प्रोजेक्ट करण्याचा निर्णय फार लवकर झाला. पहिला अभंग मिक्स करण्याआधी दोन्ही दिवसांतला एकेक अभंग एकामागे एक वाजवून पाहिला असता, तर गेनचा फरक पाच मिनिटांत कळला असता. नमुना म्हणून पहिलाच अभंग घेणंही चुकलं. तो सर्वांत संथ होता, टाळ जेमतेम. सेटिंग बसवायला गजर घ्यायला हवा होता, कारण जे गजरात टिकतं ते संथ अभंगात सहसा टिकतं, उलटं नाही.

तीन गजरांसाठी तिसऱ्या पर्यायाचा तुकडा वापरता आला असता: मुख्य आवाजाचा गजरापुरता दुसरा ट्रॅक, वेगळा डी-एसर, बाकी सगळं सामायिक. ऑटोमेशनने काम झालं, पण प्रत्येक गजराच्या सुरुवातीला आणि शेवटी थ्रेशोल्डच्या रेषा ओढत बसण्यापेक्षा ते सरळ पडलं असतं. आणि पखवाजावरचं गेट मुळात हवंच होतं का, हा प्रश्न राहतोच. दुसऱ्या दिवसाचे बोल त्याने खाल्ले तेव्हा आयटमची पातळी सुधारली, पण गेट पूर्ण काढून फक्त एकदा ऐकलं गेलं, तेही सगळं काम झाल्यावर. फरक नावालाच होता. पखवाजवादकाला विचारलं असतं तर त्याने ते पहिल्याच दिवशी काढायला लावलं असतं.